रोनेवाली मॅडम

आमच्या कचेरीत कुणी विचारलं, "रंगारीजी कहाँ हैं?" की ठरलेलं उत्तर यायचं, "कथा बाँचने गई हैं." मग विचारणारा आणि सांगणारा दोघंही हसायचे. आमचं वर्तमानपत्र हिंदी, कचेरी जयपूरच्या झालाना भागात, जंगलाला लागून. सकाळी आवारात मोर हिंडतात आणि उपसंपादक मंडळी दुपारशिवाय उगवत नाहीत. त्यामुळे रंगारीताईंची सकाळची कथा बहुतेकांनी नुसती ऐकलेलीच होती. मी मात्र जवळजवळ प्रत्येक कथेला हजर असे, कारण मी फोटोग्राफर आणि स्कूटर माझी.

कथा म्हणजे काय, तर सांगतो. कुसुम रंगारी या आमच्या वार्ताहर. वस्त्या, सफाई कामगार, खाणींतले मजूर, गावोगावच्या पाणवठ्यांवरची भांडणं, हे सगळं त्यांच्याकडे. या विषयाला कचेरीत ‘सामाजिक न्याय’ असं भारदस्त नाव होतं आणि पानावर खालचा कोपरा. ज्या दिवशी त्यांची बातमी छापून येई, त्या दिवशी सकाळीच तो अंक घेऊन ताई त्या माणसाच्या दारात उभ्या राहत. खाटेवर, पायरीवर, विटांच्या ढिगावर, जागा मिळेल तिथं बसत, चष्मा चढवत आणि मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी बातमी त्याच्यासमोर मोठ्यानं वाचत. वाचून झालं की विचारत, "कुछ ग़लत लिखा?" आणि खरंखुरं उत्तर मिळेपर्यंत उठत नसत.

हा नेम कुठून आला ते त्यांनी मला एकदा राजापार्कात कचोरी खाता खाता सांगितलं. त्या नवीन असतानाची गोष्ट. बांधकामावर विटा वाहणाऱ्या कमला नावाच्या बाईबद्दल त्यांनी लिहिलं होतं, आणि लिहिताना डोळे भरून आले होते. दोन दिवसांनी कमला कचेरीच्या फाटकावर हजर. हातात तो अंक. "मैडम, ये ‘लाचार’ किसको लिखा है?" ताईंनी चाचरत सांगितलं, तुम्हालाच. तर ती म्हणाली, "मैं दो लड़कियाँ पढ़ा रही हूँ. लाचार होती तो आपके गेट पर आती?"

"तवापासून ठरवलं," ताई कचोरीवरची चटणी पुसत म्हणाल्या, "जो शब्द मले त्या माणसाच्या तोंडावर म्हणता येत नाही, तो त्याच्या पाठीमागं छापायचा नाही. बिचारा म्हणून पाह्य बरं कोणाले तोंडावर. एक ठेवून देईल तो तुले."

ताई नागपूरकडच्या. नवरा रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. त्यांची बदली जयपूरला झाली म्हणून त्या इथं आल्या आणि इथल्याच झाल्या. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. बुटांवरून कुणी हसलं तर म्हणायच्या, माझं काम पायांचं आहे, तोंडाचं नाही. खरं तर तोंडाचंही कमी नव्हतं. जयपुरात आडनाव विचारण्यामागं एक वेगळाच प्रश्न दडलेला असतो. इकडं रंगारी कुणी ऐकलेले नव्हते, तेव्हा लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की हे कपडे रंगवणाऱ्यांचं घराणं असणार. ताईंनी बरेच महिने ते चालू दिलं. मग एप्रिलात जयंतीच्या दिवशी त्यांनी सगळ्या कचेरीत बुंदीचे लाडू वाटले, आणि ज्याला जे समजायचं ते समजलं. दोघातिघांचे लाडू संध्याकाळपर्यंत टेबलावरच पडून होते. ताईंनी तिकडं पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि तेही लाडू मीच खाल्ले.

आमचं घराणं साताऱ्याकडचं. वडील फौजेत सुभेदार होते, निवृत्तीनंतर इथंच घर बांधून राहिले. त्यामुळे माझी मराठी आईपुरती आणि शिव्यांपुरती. ताईंनी पहिल्या दिवशीच बजावलं की माझ्याशी हिंदीत बोलायचं नाही. मी बोलू लागलो की दर वाक्यात एक ‘मतलब’ यायचा. "तुह्यी मराठी म्हणजे हिंदीले नऊवारी नेसवली आहे," असं त्या म्हणायच्या, पण हसून ऐकून घ्यायच्या. आज मी हे मराठीत लिहितोय त्याचं श्रेय आणि दोष दोन्ही त्यांच्याकडे.

त्यांनी एक प्रश्न कायमचा बंद करून टाकला होता. "कैसा लग रहा है?" हा प्रश्न त्यांच्या देखत कुणी विचारला तर त्या सरळ मध्ये जाऊन उभ्या राहत. ज्याचं घर पाडलं, ज्याच्या मुलाला मारलं, त्याला कसं वाटतंय हे विचारणं म्हणजे त्याच्याकडून फुकटात रडून घेणं, असं त्यांचं मत. "काय केलं ते विचार," त्या नव्या पोरांना सांगत. "त्या दिवशी चूल पेटली का, कोणी पेटवली, लेकरं कोणाकडं झोपली. वाटणं त्यातून आपोआप येते. ओढून काढाले लागत नाही."

आणि गंमत अशी की हे सांगणारी बाई स्वतः कमालीची रडूबाई. मात्र त्यांच्या रडण्याचं गणित उलटं होतं. दुःख पाहून त्यांना रडू येत नसे, राग येई. राग आला की कान लाल होत आणि प्रश्न बारीक बारीक होत जात. एका शाळेत सफाई कामगाराच्या मुलीला वर्गात वेगळं बसवलं होतं, तेव्हा ताईंनी मास्तरांना फळा कुठल्या भिंतीला आहे इथपासून विचारायला सुरुवात केली. मास्तर घामाघूम झाले, ताईंचा डोळा कोरडा. पण बाहेर पडताना दिसलं की मधल्या सुट्टीत दुसरी एक मुलगी आपलं दप्तर उचलून गुपचूप त्या मुलीशेजारी जाऊन बसली आहे. झालं. ताई स्कूटरपर्यंत पोहोचेतो हुंदके द्यायला लागल्या. कुणी चांगलं वागलं की त्यांचा बांध फुटायचा. रिक्षावाल्यानं कुत्र्याच्या पिल्लांसाठी रिक्षा थांबवली तरी तेच.

बायकांचे चिमुकले रुमाल त्यांना पुरत नसत. म्हणून त्यांचे यजमान रंगारीभाऊ रोज सकाळी आपला एक मोठा पांढरा रुमाल इस्त्री करून, चौघडी घालून त्यांच्या पर्समध्ये ठेवत. भाऊ फारसं बोलत नसत. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून बसून बोलायची सवयच गेली असावी. संसारात त्यांनी बायकोला प्रेमानं काय म्हटलं असेल ते मला ठाऊक नाही. इस्त्री मात्र मी रोज पाहायचो.

आता माथुरसाहेब. आमचे संपादक. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, कारण पुढं वाचताना तसं वाटेल. त्यांचा एकच मंत्र होता, "ख़बर ठंडी होनी चाहिए." ते स्वतःही केबिनमध्ये एसी इतका वाढवून बसत की आत गेलेला माणूस लवकर मुद्द्यावर येई. ताईंच्या बातम्या त्यांना आवडत, पण ताईंची धास्ती वाटे. "रंगारीजी, आप भावुक हो जाती हैं," हे वाक्य ते काळजीच्या सुरात म्हणत आणि ताईंना ते जिव्हारी लागे. कारण या वाक्याचा पुढचा भाग न बोलताही ऐकू येत असे. हा विषय तुमच्या अंगावरचा आहे, तुम्ही त्याच्याकडे लांबून पाहूच शकणार नाही. ज्यांच्या अंगावर हा विषय कधीच आला नाही ते आपोआप निःपक्षपाती ठरत, आणि ताईंना ते रोज सिद्ध करावं लागे. खालच्या कोपऱ्यातली ती जागा त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहून मिळवली होती. ती गेली असती तर त्यांना पगार तोच मिळाला असता, पण पायांतले बूट निरर्थक झाले असते.

आणि ती जाण्याची वेळ आली ती सूरजच्या घोडीमुळे.

सूरज म्हणजे कचेरीतले एसी दुरुस्त करणारा तरुण, राजापार्कातल्या एका दुकानात कामाला. दर उन्हाळ्याआधी येऊन जाळ्या धुऊन जायचा. ताई त्याला आपल्या डब्यातलं खायला बसवत. एकदा झुणका-भाकर खाताना त्यानं सांगितलं की लग्न ठरलंय. गाव टोंक रस्त्यावरून बरंच आत. तिकडं लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून गावातून मिरवतात, तिला बिंदोरी म्हणतात. सूरजच्या वस्तीतल्या कुणाचीही बिंदोरी आजवर देवळापुढच्या चौकातून गेली नव्हती. जाऊ दिलीच नव्हती. या वेळी ती जाणारच, असं त्याच्या वडिलांनी ठरवलं होतं आणि पोलिसांत तसा अर्जही दिला होता. वडील, रामधनजी, गवंडी. चौकातली निम्मी घरं त्यांच्याच हातची.

"और तू क्या चाहता है?" ताईंनी विचारलं.

"मैं तो चाहता हूँ जल्दी निपट जाए, मैडम," सूरज म्हणाला.

बिंदोरीच्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा गावात पोलिसांची गाडी, शहरातून आलेले दोनतीन माइकवाले आणि जो तो हातात मोबाइल धरून. घोडी पांढरी, चांगलीच उंच. सूरजला वर चढवलं. डोक्यावर केशरी फेटा, त्याला कलगी, आणि लगाम धरलेले हात लटलट कापत होते. माइकवाले पुढं झाले, "कैसा लग रहा है?" ताई मध्ये घुसल्या. सूरजनं तोंडच उघडलं नाही.

मिरवणूक चौकात आली. दुकानं बंद, गच्च्यांवर माणसं, आणि बँडखेरीज आवाज नाही. मी फोटो काढत होतो. कोपऱ्यावर एक विजेची तार लोंबत होती, बरोबर कलगीच्या उंचीवर. घोडी थांबली. सूरज वाकेना, वाकायचं तर लगाम सोडावा लागणार. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात एका दुकानाचं अर्धं शटर वर झालं, आतून एक म्हातारा दुकानदार लांब बांबू घेऊन आला, त्यानं बांबूनं तार वर उचलून धरली आणि घोडी खालून निघून गेली. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. बांबू घेऊन आत गेला आणि शटर होतं तिथवर खाली ओढलं.

माझ्या शेजारून मोठ्यानं रडण्याचा आवाज आला. ताई. रुमाल तोंडाला लावूनही आवाज आवरत नव्हता. माइकवाल्यांना आयतंच मिळालं. सूरज बोलत नव्हता, मग त्यांनी ताईंनाच टिपलं. घरी पोहोचेपर्यंत ती चित्रफीत लोकांच्या मोबाइलवर फिरू लागली होती. नवरदेवाची वेदना पाहून महिला पत्रकार ढसाढसा रडली, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. बांबूचा त्यात पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी बातमी आली आणि आम्ही कथेला निघालो. ताईंनी आधी त्या दुकानापुढं स्कूटर थांबवायला लावली. म्हाताऱ्याचं नाव त्यांनी बातमीत घातलं नव्हतं, त्याला गावात राहायचं होतं. शटर अर्धं उघडं. ताई बाहेर उभ्या राहिल्या आणि तार उचलणाऱ्या माणसाबद्दलच्या तेवढ्या दोन ओळी त्यांनी मोठ्यानं वाचल्या. "कुछ ग़लत लिखा?" आतून काहीच उत्तर आलं नाही. पण शटरही खाली आलं नाही. ताई म्हणाल्या, चालेल.

सूरजच्या अंगणात सगळं घर जमलं होतं. सूरज हळद लावून खाटेवर बसलेला. ताई नेहमीच्या सपाट आवाजात वाचत गेल्या आणि एका वाक्यापाशी आल्या. त्याचा अर्थ असा होता, की शतकानुशतकांच्या भीतीनं कापणाऱ्या हातांनी त्यानं लगाम धरला होता. सूरजची बहीण पदराआड खुदकन हसली. मग दुसरी कुणीतरी हसली. सूरज खाली पाहू लागला.

ताईंनी अंक मांडीवर ठेवला. "कुछ ग़लत लिखा?"

"नहीं मैडम, बहुत अच्छा लिखा है," रामधनजी घाईनं म्हणाले.

"मैं इससे पूछ रही हूँ."

सूरजनं मान खाजवली. "मैडम, वो... हाथ तो घोड़ी की वजह से काँप रहे थे. मुझे बचपन से डर लगता है. मामा के यहाँ गधी ने पटक दिया था."

अंगणात हसण्याचा स्फोट झाला. रामधनजी मात्र संतापले. सगळ्या गावापुढं मान वर करून मिरवलेला मुलगा, आणि हे काय गाढविणीचं काढलं? पण सूरज आता बोलायला लागला होता. म्हणाला, गाववाल्यांची भीती होतीच, खोटं कशाला सांगू. पण ती पोटात होती. हातात होती ती घोडीची.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचलं, सूरजला विचारलं की हे सगळं छापू का, गाढविणीसकट? सूरजनं वडिलांकडे पाहिलं. शेवटी रामधनजींनाच हसू फुटलं. "छापो," ते म्हणाले, "चौक से तो निकल ही गया."

परतताना ताईंनी रस्त्यात चहाला थांबवलं. चहा आला आणि निवून गेला. मग म्हणाल्या, "माह्या मामाची वरात आमच्या गावात अर्ध्या रस्त्यातून परत फिरवली होती. मी लहान होती. मामाचे हात असे कापत होते, मी पाह्यले. ते हात मी काल सूरजले लावून देल्ले." मी म्हटलं, ताई, यात मतलब एवढं काय झालं, लोकांना काय कळतंय. त्या म्हणाल्या, "मामाचे हात मामाचेच राहू दे ना रे. या पोराले त्याचे स्वतःचे हात आहेत."

कचेरीत माथुरसाहेब चित्रफीत उघडून बसलेच होते. ते रागावले नाहीत, तेच वाईट. थोडे दिवस आपण ‘परिवार’ पुरवणी पाहा, असं म्हणाले. घरसजावट, लोणची, उन्हाळ्यात त्वचेची निगा. ताई म्हणाल्या, ते नंतर बोलू, आधी उद्याच्या अंकात मला भूल-सुधार छापायचा आहे. चूक दुरुस्तीला हिंदी वर्तमानपत्रांत असं म्हणतात. कशाचा, ते ऐकून साहेबांनी डोक्याला हात लावला. कुणी तक्रार केलेली नाही, वाक्य सुंदर आहे, आणि तुम्ही स्वतःच लिहून देणार की भावनेच्या भरात माझं चुकलं? मग तुम्हाला या विषयावर ठेवा असं मी कुणाला कुठल्या तोंडानं सांगू?

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. भूल-सुधार छापला की जागा जाणार हे केबिनमधल्या तिघांनाही दिसत होतं. तिसरा मी, फोटो दाखवायला गेलेला. ताईंचे कान लाल झाले होते. "तक्रार ज्याची बातमी त्यानं केली आहे," त्यांनी हिंदीत सांगितलं, "याहून मोठा वाचक माझ्याकडे नाही."

भूल-सुधार छापून आला. ताईंनी त्यात सूरजचं म्हणणं जसंच्या तसं दिलं: पोटातली भीती, हातातली भीती, गाढवीण, मामाचं घर. स्वतःची चूक एका ओळीत, सबब न सांगता. लोक हसले आणि त्यांनी तो एकमेकांना पाठवला. आमच्या पानावर आजवर सूरजसारखी माणसं एकतर मार खाताना येत, नाहीतर न्याय मागताना. घोडीला घाबरणारा नवरदेव पहिल्यांदाच आला होता. सूरजच्या दुकानात गिऱ्हाइकं विचारू लागली, गधीवाले भैया आप ही हैं क्या? तो खूश होता.

ताईंची बदली मात्र झालीच, पुरवणीत. मला वाटलं होतं, खचतील. त्यांनी तिथंही कथा सुरू केली. राजापार्कातल्या एका पंजाबी आजींनी कैरीच्या लोणच्याची कृती दिली होती. ती छापून आल्यावर ताई अंक घेऊन त्यांच्या दारात. आजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बेटा, नमक कहाँ है?" मीठ खरंच राहिलं होतं. पुढच्या अंकात मिठाचा भूल-सुधार. कचेरीत लोक पोट धरून हसले आणि ताईही हसल्या, पण संध्याकाळी आदर्शनगरात त्यांना घराशी सोडलं तेव्हा गाडीवरून उतरताना त्या म्हणाल्या, "बूट झिजत नाहीत रे आजकाल." मला फार वाईट वाटलं.

मग पुढचा लग्नांचा हंगाम आला. ताईंच्या जागी आलेला मुलगा हुशार होता, बातमी थंड लिहायचा. पण वस्त्यांमध्ये त्याच्याशी कुणी बोलेना. तीन गावांतून कचेरीत फोन आले. आमच्याकडे बिंदोरी आहे, चौकातून काढणार आहोत, तुमचा माणूस पाठवा, पण ती रोनेवाली मॅडमच पाठवा. फोन घेणाऱ्यानं विचारलं, त्याच का? तर एकानं सांगितलं, त्या रडतात, पण छापून आलेलं दारात येऊन वाचून दाखवतात. ज्या चित्रफितीनं ताईंना बाहेर काढलं होतं, तिनंच गावोगाव त्यांचा चेहरा पोहोचवला होता. माथुरसाहेबांनी ताईंना बोलावून जागा परत दिली. चुकलो वगैरे काही म्हणाले नाहीत. एसी थोडा कमी केला, एवढंच.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत ती जागा ताईंचीच राहिली. पण ‘भावुक’ हा शब्द काही त्यांच्यामागून गेला नाही. कुणी नवीन आलं की ओळख तशीच करून दिली जाई, आणि ताई वरवर हसत. एकदाच मला म्हणाल्या होत्या, "मले एकदा त्या माणसाकडून ऐकायचं आहे, की रडणं ही काही माह्या कामातली खोट नव्हती." त्या माणसाकडून म्हणजे कुणाकडून, हे मला विचारावं लागलं नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी अंकात माथुरसाहेबांनी स्वतः लिहिलेली चौकट आली होती. संध्याकाळी समोसे, पेढे, गुलाबाचा हार. कुणीतरी ओरडलं, "आज रंगारीजी की कथा!" आणि सगळ्यांनी टेबलं वाजवली. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या तोंडावर वाचायचं, आता साहेबांची सुटका नव्हती. ते उठले, घसा साफ केला आणि वाचू लागले. छान लिहिलं होतं. मेहनत, सचोटी, भाषा, सगळं आलं. शेवटी वाक्य होतं, की एवढ्या वर्षांत त्यांनी भावनेला कधी आपल्या बातमीत शिरू दिलं नाही.

वाचून झालं. साहेबांनी रिवाजाप्रमाणे हसत विचारलं, "कुछ ग़लत लिखा?"

"हाँ," ताई म्हणाल्या. "आख़िरी लाइन."

"रंगारीजी, वो तो तारीफ़ है."

"तारीफ़ होगी, सच नहीं है. सुधार छापिए."

सगळे हसले, टेबलं पुन्हा वाजली, समोसे संपले. माथुरसाहेबही हसले, पण अंकाची घडी घालताना ते ओळ परत वाचत होते.

ताई आणि भाऊ आता नागपूरला असतात. फोनवर माझी मराठी तपासली जाते, तब्येतीची चौकशी होते. पण मी त्यांना डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते त्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सामानाची बांधाबांध चालू होती. मला साहेबांचा फोन आला, रंगारीजींचं आदर्शनगरातलं घर नेमकं कुठं आहे, दाखवायला येतोस का? मी गेलो. साहेब गाडीतून उतरले, हातात त्या सकाळचा ताजा अंक. एवढ्या सकाळी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ताई दार उघडून पाहतच राहिल्या. त्यांनी आत बोलावलं, पण साहेब बसले नाहीत. खोक्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं. मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘भूल-सुधार. श्रीमती कुसुम रंगारी यांनी भावनेला आपल्या बातमीत कधी शिरू दिलं नाही, असं कालच्या अंकात छापलं होतं. ते चूक आहे. त्या रडत असत, आणि रडल्यावर आपलं काही चुकलं तर नाही ना हे पाहायला त्याच दारात पुन्हा जात असत. हे आमच्या लक्षात यायला उशीर झाला. संपादक.’

वाचून झाल्यावर त्यांनी अंक खाली केला. "कुछ ग़लत..." एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून बाहीनं पुसू लागले.

ताई दाराला टेकून ओक्साबोक्शी रडत होत्या, त्या बांबूच्या दिवशी रडल्या होत्या तशाच. माझ्या खांद्याला कॅमेरा होता, तो तिथंच राहिला. रंगारीभाऊंनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं. मग बांधलेल्या खोक्यांपैकी एकाची दोरी सोडली आणि आतून इस्त्रीचे दोन रुमाल बाहेर काढले.